बटण्या कोणाकडे बघतो

१

रविवारी दुकान बंद असायचं. जेवणं आटोपली की चष्मेवाला मनगटापर्यंत साबण लावून हात धुवायचा, धुतलेल्या फडक्याने कोरडे करायचा, आणि बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "निघाले ऑपरेशनला." ऑपरेशन म्हणजे मागच्या खोलीची खिडकी जाड ब्लँकेटने झाकायची, समोरच्या भिंतीवर इस्त्री केलेली पांढरी चादर ताणून टाचायची, आणि उंच टेबलावरच्या जुन्या प्रोजेक्टरवर डब्यातलं एखादं रीळ चढवायचं. चादरीसमोर वेताच्या दोन खुर्च्या होत्या. उजवी त्याची. डावीवर बायको वाळलेले कपडे आणून टाकायची.

रिळं होती कार्टूनची. टीव्हीवरच्या गुळगुळीत, बडबड्या कार्टूनची नव्हेत. आवाज नाही, रंग नाही, अशा अगदी सुरुवातीच्या काळातली, पाचसात मिनिटांत संपणारी. कोणी एक माणूस टेबलाशी मान मोडून बसायचा, हजारो कागदांवर हजारो चित्रं काढायचा, तेव्हा कुठे पडद्यावरचा बेडूक एकदा विहिरीत उडी मारायचा. दुसऱ्या कागदावरची रेष पहिल्या कागदावरच्या रेषेवर तंतोतंत कधी बसत नाही. त्यामुळे त्यातलं माणूस नुसतं उभं असलं तरी त्याची कड सारखी थरथरत राहते. चष्मेवाला या थरथरीवर लट्टू होता. फोटोतला माणूस कधीतरी होता म्हणून दिसतो, पण हा कधीच नव्हता आणि तरी श्वास घेतोय, असं तो येईल त्या पाहुण्याला ऐकवायचा. पाहुणे माना डोलवायचे आणि पुढच्या वेळी रविवार टाळून यायचे.

बायकोला या सगळ्याचं काडीचं कौतुक नव्हतं. ती बालवाडीत शिकवायची. आठवडाभर नाचणारी पोरं सांभाळल्यावर रविवारी नाचणारी शाई कशाला बघू, असं तिचं सरळ म्हणणं होतं.

दुसऱ्याकडे नाही ते आपल्याकडे आहे, हे या छंदातलं खरं सुख, पण उघड कोणी बोलत नाही. चष्मेवाल्याचा शाळेपासूनचा मित्र दातांचा डॉक्टर होता. बिनलग्नाचा, एकटा राहणारा. त्यालाही हाच नाद, आणि त्याच्याकडे नेहमी चष्मेवाल्यापेक्षा एखादं रीळ जास्तच असायचं. दोघं एकमेकांच्या रिळांचं तोंड भरून कौतुक करायचे आणि घरी जाऊन जळफळत बसायचे. अशी ती घट्ट मैत्री होती.

२

म्हणून डॉक्टर आपणहून दुकानात आला, काउंटरवर डबा ठेवला आणि बदल्यात काहीही दे म्हणाला, तेव्हा चष्मेवाल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. पण हावेपुढे बिचारी पाल काय चुकचुकणार. त्याने भराभर तीन बरी रिळं काढून दिली. डॉक्टरने ती उघडूनसुद्धा पाहिली नाहीत.

फिल्मची सुरुवात तुटलेली होती, त्यामुळे नाव नाही, काढणाऱ्याचं नाव नाही. चष्मेवाल्याने ती टेबलावर हातानेच उलगडली आणि भिंगाखाली चौकटी बघितल्या. एक ठेंगणा, टकला माणूस होता. दोन माणसं मावतील एवढा मोठा कोट घातलेला. डोळे म्हणजे काळी गोल बटणं, आणि प्रत्येक बटणाला बिस्किटाचा घास घेतल्यासारखी एक पांढरी खाच. त्या काळी डोळे असेच काढायचे. खाच ज्या बाजूला, नजर त्या बाजूला. चष्मेवाल्याने लगेच त्याचं नाव बटण्या ठेवलं.

गोष्ट अगदी साधी. बटण्या दारातून येतो. कोट खुंटीला अडकवायला जातो तर खुंटी बाजूला सरकते. तो तिच्या मागे, ती पुढे. मग खुर्चीत बसायला जातो तर खुर्ची चार पायांवर पळ काढते. शेवटी कंटाळून तो कोटाची घडी घालतो, चित्राच्या अगदी खालच्या कडेवर येऊन बसतो आणि कट्ट्यावरून सोडावेत तसे पाय खाली सोडतो. मग काहीच होत नाही. चांगलं अर्धं-पाऊण मिनिट तो नुसता बसून राहतो आणि फिल्म संपते. काही न होण्यासाठी कोणीतरी शेकडो चित्रं काढली होती. असं कोण कशाला करेल, हे चष्मेवाल्याला कळेना, आणि कळत नव्हतं म्हणून तो आणखीच खूश होता.

त्या रविवारी त्याने ते पहिल्यांदा मशीनवर चढवलं. जुनी फिल्म अडकेल की काय या काळजीने तो शेवटपर्यंत मशीनशीच वाकून होता, त्यामुळे चादरीवर काय चाललंय ते त्याने नीट पाहिलंही नाही. बायको चहा घेऊन दारात उभी होती. फिल्म संपली तेव्हा ती आत आली, कप टेबलावर ठेवले, डाव्या खुर्चीवरचे कपडे उचलून जमिनीवर ठेवले आणि बसली.

"पुन्हा लावता का?" ती म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य त्याने तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्याला आकाश ठेंगणं झालं.

३

त्यानंतर बटण्या लावायचा म्हटलं की ती हजर. "मी आल्याशिवाय सुरू करू नका हं," असं बजावायला लागली. एकदा ती दारात शेजारणीशी बोलत होती आणि त्याने मशीन चालू केलं, तर शेजारणीला तशीच उभी ठेवून ती धावत आत आली, पदर कुठे, चप्पल कुठे. दुसरं कुठलं रीळ असलं तर ती निवांत कपड्यांच्या घड्या घालायची. बटण्याचं असलं की हातातली घडी हातात राहायची. आणि तो कडेवर येऊन बसला, पाय खाली सोडले, की ती हसायची.

पहिले काही रविवार चष्मेवाल्याला याचंही कौतुक वाटलं. मग हळूहळू ते हसू त्याला खुपायला लागलं. रुंद, गोड, जराही न हलणारं हसू होतं ते. पापणी लवत नसे. आपण लग्नात हार घातला तेव्हाही ही अशी हसली नव्हती, असं त्याच्या मनात आलं आणि तिथेच रुतून बसलं. रविवारी संध्याकाळी ती कोमट फडक्याने गाल शेकत बसायची. दाढ दुखते का विचारलं तर नाही म्हणायची, आणि का शेकतेस विचारलं तर विषय बदलायची.

असाच तो एकदा चादर सोडून तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिची नजर कुठे आहे हे बघून त्याने चादरीकडे पाहिलं. बटण्याच्या दोन्ही डोळ्यांतल्या खाचा डावीकडे होत्या. तिच्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नसताना त्याने भिंग लावून शेवटच्या चौकटी पुन्हा तपासल्या. खाच सरळ वर होती, एकूण एक चौकटीत. फिल्मवरचा बटण्या छताकडे बघत होता.

चष्मेवाल्याचा सगळा धंदाच नजरेचा. कोणाचा डोळा किती तिरळा आहे हे तो माणूस पायरी चढत असताना सांगायचा. त्यामुळे चित्राच्या नजरेचंही त्याला पक्कं ठाऊक होतं. चित्रातला माणूस समोर बघत असला तर तो खोलीतल्या सगळ्यांकडेच बघतो, आणि बाजूला बघत असला तर कुठेही बसा, तो बाजूलाच बघतो. चित्राची नजर कोणा एकाची पाठ धरूच शकत नाही. म्हणून पुढच्या रविवारी त्याने मानेला वारा लागतो असं काहीतरी कारण काढलं आणि बायकोशी खुर्ची बदलून घेतली. ती उजवीकडे बसली. बटण्याने पाय खाली सोडले आणि खाच उजवीकडे गेली.

दिव्याच्या उष्णतेने फिल्म वाकत असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. आपलेच डोळे बिघडले असतील म्हणून दुकानातल्या तक्त्यासमोर बसून स्वतःची तपासणी केली. डोळे ठणठणीत होते. मग त्याला एक युक्ती सुचली, आणि ती फक्त त्याच्यासारख्या माणसालाच सुचली असती. मूकपटाच्या फिल्मला दोन्ही कडांना भोकं असतात, त्यामुळे ती उलट्या अंगानेही मशीनवर बसते. मग पडद्यावर आरशातल्यासारखं सगळं डाव्याचं उजवं दिसतं. नवशिके ही चूक नेहमी करतात आणि जाणकार त्यांना हसतात. चष्मेवाल्याने ती मुद्दाम केली.

दार इकडचं तिकडे गेलं. खुंटी भलत्या दिशेला पळाली. कोट बटण्याने दुसऱ्या हाताने काढला. सगळं उलट झालं, आणि कडेवर येऊन बसल्यावर खाच मात्र होती तिथेच राहिली, बायकोच्या बाजूला. बायको हसत होती.

अशा वेळी शहाण्या माणसाला घाम फुटला असता. चष्मेवाल्यालाही फुटला, नाही असं नाही. पण भीतीच्या उरावर मत्सर चढून बसला. याला डब्यातून काढलं मी, पुसलं मी, तुटलेल्या जागा जोडल्या मी, आणि हा बघतो कोणाकडे, तर जिला बेडूक आणि उंदीर सारखेच दिसतात तिच्याकडे! हे एक जळणं. आणि ती हसते कोणाकडे, हे दुसरं. यातलं रिळासाठीचं किती आणि बायकोसाठीचं किती, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

४

शेवटी त्याने डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरने दोनतीनदा टाळलं, मग आला. बसायला सांगितलं तरी खोलीच्या दारातच उभा राहिला. बायकोने आपल्या खुर्चीवरून मागे वळून त्याच्याकडे एकदा पाहिलं. डॉक्टरने मान खाली घातली. दोघांत काहीतरी ठरलेलं आहे असं चष्मेवाल्याला वाटलं आणि तो मनातल्या मनात आणखी एका माणसावर जळायला लागला.

बटण्या कोट काढायला लागला तेव्हा डॉक्टर दाराच्या चौकटीवरचा रंग नखाने खरवडत होता. तो पाय सोडून बसला तेव्हा मात्र डॉक्टरने मान वर केली.

"वहिनींकडे बघतोय," तो हळूच म्हणाला. त्याला सुटल्यासारखं वाटलेलं दिसलं.

म्हणजे डोळ्यांचा दोष नव्हता. जिन्यात सोडायला गेल्यावर चष्मेवाल्याने त्याला कोपऱ्यात घेतलं आणि तुझ्याकडे असताना हा कोणाकडे बघायचा, असं विचारलं. डॉक्टर म्हणाला, आपण हे रीळ शेवटपर्यंत कधी पाहिलंच नाही. कोटाची घडी घालून झाली की उठून दिवा लावायचो. का, ते त्याने सांगितलं नाही. घरात दुसरं कोणी नाही ना, एवढंच म्हणाला, जसं काही ते उत्तर होतं.

"तू कधी एकट्याने बघितलंस?" डॉक्टरने दोन पायऱ्या उतरून विचारलं.

"नाही. ती असतेच."

"मग ठीक आहे," डॉक्टर म्हणाला आणि कठड्याला धरून खाली गेला.

चष्मेवाल्याने याचा अर्थ त्याच्या पद्धतीने लावला. रीळ हातचं गेल्यामुळे डॉक्टरच्या पोटात दुखतंय. एकट्याने बघण्यात काहीतरी मोठं सुख आहे, ते डॉक्टरने भोगलंय आणि आता ताकास तूर लागू देत नाही. आणि आपल्या घरात ते सुख आपल्याला मिळत नाही, कारण मध्ये एक माणूस ठाण मांडून बसलंय. हे सगळं त्याला इतकं स्वच्छ दिसत होतं की त्याने त्याची तपासणी केलीच नाही.

५

त्या आठवड्यात तो बायकोशी तुटक वागला. ती एक विचारायची, तो अर्धं उत्तर द्यायचा. मीठ जास्त झालं, इस्त्री कमी झाली, असं काहीबाही काढून झालं, आणि एका सकाळी न राहवून त्याने विचारलंच.

"तुला तो आवडतो का?"

"कोण?"

"कोण म्हणून काय विचारतेस."

ती भांडी पुसत होती. तिने फडकं ठेवलं, मागच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ते रीळ नका ठेवू घरात. कोणाला देऊही नका. पुरून टाका कुठेतरी."

"मग हसतेस कशाला त्याच्याकडे?"

"बाहेर जाऊ या का जरा? इथे नको बोलायला."

पण चष्मेवाल्याला आता बाहेर जायचं नव्हतं. त्याची तळपायाची आग मस्तकात गेली होती. माझ्या रिळाचं काय करायचं ते तू सांगू नकोस, तुला नको असेल तर बघू नकोस, असं म्हणून तो चहा अर्धा टाकून दुकानात निघून गेला. दिवसभरात त्याने एका माणसाला दुसऱ्याचा चष्मा दिला आणि वर त्यालाच बोल लावला. संध्याकाळी घरी आला तेव्हा तिने सकाळचं काही काढलं नाही. त्याला ते लपवणं वाटलं. खरं तर ती मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी लावून शेजारीच बसली होती आणि थकलेली दिसत होती.

लवकरच मेहुणीचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. तिच्या घरी करायला कोणी नव्हतं, बायकोला जाणं भाग होतं. चष्मेवाल्याने कधी नव्हे ते उत्साहाने तिची बॅग भरायला मदत केली. बसमध्ये बसल्यावर तिने खिडकीतून त्याचा हात धरला. अशी ती चारचौघांत हात धरणारी नव्हती.

"मी येईपर्यंत ते लावू नका. माझ्यासाठी एवढं करा. वाटलं तर रविवारी दुकान उघडं ठेवा."

तो हो म्हणाला. बस वळणावर दिसेनाशी व्हायच्या आतच त्याच्या डोळ्यांसमोर रविवार आला होता.

६

रविवारी त्याने हात धुतले, पण ऑपरेशनला निघाले म्हणणारं कोणी नव्हतं. दाराला आतून कडी लावली, खिडकी झाकली, चादर ताणली, रीळ चढवलं, बटण दाबलं. मशीन खडखडलं आणि उजेड पडला नाही. त्याने झाकण उघडून पाहिलं. आतला दिवा कोणीतरी काढून नेला होता.

कोणी नेला ते सांगायला ज्योतिषी नको होता. आपल्या माघारी मी त्याला भेटू नये म्हणून ही दिवा बरोबर घेऊन गेली. चष्मेवाला त्या काळोखात एकटाच मोठ्याने हसला. छंदी माणसाकडे जादा दिवा नसतो असं तिला वाटलं कसं. कापसात गुंडाळलेला दिवा त्याच्या कपाटात होता. तो त्याने बसवला आणि आपल्या खुर्चीत न बसता तिच्या खुर्चीत जाऊन बसला.

बटण्या दारातून आला. खुंटीपाशी गेला आणि त्याने कोट अडकवला.

चष्मेवाल्याला आधी काय चुकलं ते कळलंच नाही. खुंटी सरकली नव्हती. तिने जागेवर उभं राहून मुकाट्याने कोट घेतला होता. खुर्चीही पळाली नाही. बटण्या तिच्या बाजूने सरळ चालत आला. ज्या गमतींसाठी ते रीळ काढलं होतं त्या सगळ्या गाळून, कामावर आलेल्या माणसासारखा तो चित्राच्या खालच्या कडेवर येऊन बसला, पाय खाली सोडले आणि त्याने चष्मेवाल्याकडे पाहिलं.

"आलास," चष्मेवाला म्हणाला. इतक्या रविवारांनी ती नजर त्याच्या वाट्याला आली होती, त्याच्या एकट्याच्या. डॉक्टरने भोगलेलं ते सुख आज त्यालाही मिळालं. त्याला वाटलं, आता बायकोने हे बघायला हवं होतं.

मग त्याच्या लक्षात आलं की रेष थरथरत नाही. टकलाची कड, बोटांची कड, सगळं अगदी स्थिर होतं. मशीन मागे खडखडत होतं, चौकटी पुढे सरकत होत्या, पण एकही चित्र नव्याने काढल्यासारखं दिसत नव्हतं. आता ते काढायची कोणाला गरज उरलेली नसावी. आणि बटण्याचा एक पाय चादरीच्या खाली आला होता. चादर जिथे संपते तिथून वीतभर खाली, भिंतीच्या पिवळट रंगावर, काळ्या बुटाचं टोक होतं.

चौकट घसरली, त्याने मनाशी म्हटलं. जुन्या मशीनवर चौकट घसरतेच. त्यासाठी एक गोल खिट्टी असते, ती फिरवली की चित्र वरखाली होतं. तो उठला, मागे न वळता पाठीपाठीने मशीनपाशी गेला आणि चाचपडून खिट्टी फिरवली. चित्र वर गेलं. दार वर गेलं, खुंटी वर गेली, कोट वर गेला. बटण्या होता तिथेच राहिला. बुटाचं टोक भिंतीवर होतं तिथेच राहिलं, आणि मग ते आणखी थोडं खाली आलं.

खिशातला फोन वाजला.

७

तिचाच होता. त्याने कानाला लावला. मशीनची खडखड तिला ऐकू जात होती.

"कोणाकडे बघतोय?" तिने विचारलं.

"माझ्याकडे."

"पाय?"

"खाली आलाय. भिंतीवर."

"त्याच्या डोळ्यांत बघा. हसा. हसताय का? पापणी लवू देऊ नका आणि ऐका." तिचा आवाज शांत होता, पण मध्ये मध्ये तिला श्वास पुरत नव्हता. "पहिल्या दिवशी तुम्ही मशीनशी वाकला होतात ना, तेव्हा तो तुमच्याकडे बघत होता. मी दारातून पाहिलं. ते बघणं मला कळतं. वर्गात एखादं पोर दुसऱ्याला चावायच्या बेतात असलं की अस्संच बघतं. तेव्हा ओरडून चालत नाही. त्याला आपल्याकडे बघायला लावायचं, गोड हसायचं आणि सोडायचं नाही. तेवढंच करत होते मी. तुम्हाला सांगायला गेले तर तुम्ही ऐकून घेतलं नाहीत."

चष्मेवाला हसत होता. गालावरून पाणी ओघळत होतं आणि तो हसत होता. तिचे सगळे रविवार, शेकलेले गाल, धावत येणं, सगळं त्याला एकदम दिसलं आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर भीतीसुद्धा मागे पडली. मागे रिळाचा आवाज बदलत होता. रीळ संपत आलं की चाक हलकं होतं आणि जोराने फिरतं, ते त्याला न बघता कळत होतं. मग फिल्मचं शेपूट सुटलं आणि फटफट आपटायला लागलं. चादरीवर नुसता पांढरा उजेड उरला.

"दिसतोय?" ती म्हणाली.

"नाही."

"बरं. उतरलाय तो मग. फोन स्पीकरवर करा आणि माझ्या खुर्चीत ठेवा. मग दाराबाहेर जा, दार लावून घ्या. काहीही ऐकू आलं तरी मागे बघू नका. मी बोलत राहते."

त्याने तसंच केलं. फोन खुर्चीत ठेवला, उजेडाकडे पाठ केली आणि दाराकडे चालू लागला. खोली एवढीशी, पण दार काही केल्या जवळ येईना. मागे तिचं बोलणं सुरू झालं.

"ये रे राजा. इकडे ये. मी आहे ना इथे, माझ्याजवळ बस. कुठे गेला होता माझा शहाणा? तिकडे कोणी नाहीये, इकडे बघ, माझ्याकडे. माझं गुणाचं ते."

इतका लाडाचा, इतका मऊ आवाज होता तो. चष्मेवाल्याचा हात कडीवर पडला. मागे वेताची खुर्ची करकरली, कोणी दोन्ही हात तिच्यावर टेकावेत तशी. हे सगळं कशासाठी चाललंय ते तिने आत्ताच त्याला सांगितलं होतं. त्याला ते पटलंही होतं. कडी काढायची, बाहेर पाऊल टाकायचं, एवढंच उरलं होतं.

"माझा राजा तो," ती म्हणाली, "तुझ्याशिवाय करमत नाही रे मला."

आपल्याला ती कधी राजा म्हणाली होती? एकदा तरी? चष्मेवाल्याने आठवून पाहिलं. कडीवरचा हात सैल झाला. छातीत ओळखीचं काहीतरी पेटलं, भीतीला, लाजेला बाजूला सारून वर आलं, आणि तिच्या त्या आवाजात कोण न्हाऊन निघतंय हे एकदा, फक्त एकदा बघायला तो वळला.

फोनवर वाकून ऐकणाऱ्यानेही मग ऐकणं थांबवलं आणि मान वळवली.